आज समुद्र की चिरा?

या अंकात ज्यांचे नोकरीचे अनुभव छापून येतात ती माणसं तीस-पस्तीस वर्षं काम करून निवृत्त झालेली असतात. कुणी पोस्टमास्तर, कुणी आगबोटीवरचे सारंग. माझी नोकरी साडेतीन वर्षांची, तीही रोज सकाळी सात ते दहा एवढीच, कारण साडेदहाला कॉलेज असतं. आणि काम म्हणजे लोकांची लघवी उकळणं. दिवाळीच्या फराळाशेजारी ठेवायच्या अंकात हे लिहावं की नाही, या विचारात मी तीन वेळा कागद फाडला. संपादकांना तसं सांगितलंही. ते म्हणाले, "फराळ करणाऱ्यांनीच वाचायला हवं." तेव्हा आधी माफी मागतो आणि मग लिहितो.

आमचं गाव लांज्याच्या आतल्या बाजूला, डोंगराच्या कुशीत. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. आई गावात सांगते, "पोरगा रत्नागिरीत रसायनाचं काम करतो." वडील मुंबईला गोदीत आहेत. ते गणपतीला आले तेव्हा त्यांनी मला पडवीत बाजूला घेऊन विचारलं, "म्हणजे नक्की काय करतोस?" मी खरं ते सांगितलं. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं.

"हात धुतोस ना?"

"धुतो."

"मग हरकत नाही," असं म्हणून ते आरतीला गेले.

आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक चिंचोळी खोली आहे. तिथे खिडकीपाशी स्पिरिटचा दिवा, परीक्षानळ्यांचा लाकडी स्टँड आणि मी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी काम सांगतो. नळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि नळी दिव्यावर धरून उकळायची. साखर नसेल तर रंग निळाच राहतो. थोडी असेल तर हिरवा होतो, मग पिवळा, मग नारिंगी, आणि खूप असेल तर विटेसारखा लाल. 'विटेसारखा' हे पुस्तकातलं. पण रत्नागिरीत वीट कोण बघतो? आमची घरं, गडगे, विहिरी, सगळं जांभ्या दगडाच्या लाल चिऱ्यांचं. म्हणून मी त्या रंगाला 'चिरा' म्हणू लागलो आणि दवाखान्यात तोच शब्द चालू झाला.

माझे सर्वांत जुने गिऱ्हाईक म्हणजे अण्णा. कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले, पोट पुढे, आवाज कोर्टातलाच. दर सोमवारी बाटली टेबलावर ठेवून ते मला विचारत, "काय हो शास्त्रज्ञ, काय निकाल?" त्यांचा निकाल बहुधा हिरवा किंवा पिवळा असे आणि तो त्यांना कधीच मान्य नसे.

एका सोमवारी मात्र अण्णांची नळी थेट चिरा झाली. डॉक्टर गोळ्या वाढवायला निघाले. मला बाटलीचा तळ जरा गुलाबी दिसला. वास घेतला, तर कोकम सरबत. अण्णांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, सरबताची रिकामी झालेली बाटली न धुताच दिली होती. आता इथे एक गंमत आहे. वाण्याकडची साखर जशीच्या तशी बेनेडिक्टमध्ये टाकली तर रंग बदलत नाही, हे आम्हाला वर्गात शिकवलेलं. पण आंबट कोकमात ती महिना-दोन महिने मुरली की तिचे तुकडे पडतात, आणि त्या तुकड्यांनी मात्र बेनेडिक्ट लाल होतो. मी हे डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अरे, तू खरंच अभ्यास करतोस की काय?"

त्या एका वाक्यावर मी सहा महिने जमिनीपासून चार बोटं वर चालत होतो. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढची चूक त्यातूनच झाली.

अण्णांनी या शोधाचा पुरेपूर फायदा घेतला. त्यानंतर पिवळा रंग आला की ते म्हणत, "बाटली नीट धुतलेली नसेल." नारिंगी आला की, "बूच कोकमाचं होतं." एकदा त्यांच्या धोतरावर मला लाडवाचा रवा दिसला. मी नुसतं बोट दाखवलं. अण्णा म्हणाले, "तो पुरावा ग्राह्य नाही." मी हसलो, पण मनाशी एक गोष्ट पक्की केली की मधुमेहाचा रोगी खोटं बोलतो. साडेतीन वर्षांत मी केलेला हा सगळ्यात मोठा मूर्खपणा.

मधुमेह म्हणजे काय, हे डॉक्टरांनी मला बंदराच्या भाषेत समजावलं होतं. आपण खाल्लेलं अन्न साखर होऊन रक्तात उतरतं. म्हणजे होड्या भरून मासळी धक्क्याला लागली. ती घरोघर पोचवायला हमाल लागतात. ते हमाल म्हणजे इन्सुलिन. पोटातली स्वादुपिंड नावाची ग्रंथी ते पुरवते. एका प्रकारात हमालच येईनासे होतात. हा बहुधा लहान वयात येतो, रोड पोरांना होतो, त्यात कुणाची चूक नसते आणि इंजेक्शनवाचून माणूस जगत नाही. दुसऱ्या प्रकारात हमाल येतात, हाकाही मारतात, पण घरांची दारं नीट उघडत नाहीत. चाळिशी उलटलेली, पोट सुटलेलं, आईबापांना असलेला, असा हा प्रकार. यात पथ्य, चालणं आणि गोळ्या यांनी बरंच भागतं. "हे आपले अण्णा," डॉक्टर म्हणाले. काही बायकांना गरोदरपणापुरता होतो, तो तिसरा. प्रकार कुठलाही असो, मासळी धक्क्यावर पडून राहते आणि घरं उपाशी, एवढं मला कळलं.

मी दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा थंडीच्या दिवसांत रेखा आली. आठवीतली पोर, फ्रॉक खुंटीला टांगल्यासारखा अंगावर. तिची आई भागीरथीबाई मिरकरवाड्यात मासळी विकायची. आत येतानाच बोलत आली.

"डाक्टर, पोर तांब्यावर तांब्या पानी पितंय नि वाळत चाललंय. मोरीत मुंग्यांची रांग लागतेय. अंगारा झाला, नजर काढली, काय नाय."

मी नळी दिव्यावर धरली. पुरती उकळायच्या आत ती चिरा झाली. डॉक्टरांनी भागीरथीबाईंना समजावलं की इंजेक्शन रोज घ्यावं लागेल.

"किती दिवस?"

"रोज."

"ते कळलं हो. पन किती दिवस?"

डॉक्टरांनी औषधाचा कागद पुढे ओढला. रेखाच म्हणाली, "आये, रोज म्हंजे रोज." आणि मग माझ्याकडे वळून, "ती निळी नळी मला दाखवा ना. बिघडायच्या आधीची."

पुढे ती दर सकाळी शाळेच्या वाटेवर बाटली घेऊन येऊ लागली. अण्णांना काकूंनी सोमवारऐवजी रोज पाठवायला सुरुवात केली होती, त्यामुळे दोघं एकाच बाकावर. निळ्या रंगाला 'समुद्र' आणि हिरव्याला 'शेवाळ' हे रेखानेच म्हणायला सुरुवात केली. आत डोकावून तिचा रोजचा प्रश्न असे, "दादा, आज समुद्र की चिरा?"

"शेवाळ."

"अण्णांचा?"

"पिवळा."

"मी जिंकले. अण्णा, काल काय खाल्लंत?"

"काही नाही. देवळात प्रसाद तेवढा."

"किती देवळं फिरलात?"

अण्णा कोर्टात कुणाचं ऐकून घेत नसत म्हणे, पण या पोरीपुढे गप्प बसत. ती स्वतः काचेची सिरिंज उकळून इंजेक्शन घ्यायला शिकली. अण्णा एकदा ते बघायला गेले आणि भिंत धरून खाली बसले. त्यानंतर त्यांनी पंधरा दिवस लाडू खाल्ला नाही.

चैत्रात उकाडा सुरू झाला. एक दिवस भागीरथीबाई माझ्या खिडकीशी आल्या. डॉक्टर आत रोगी तपासत होते.

"भाऊ, औषध थंड जागेवर ठेवा सांगितलंय. आमच्याकडं फ्रीज नाय. घरात तर भट्टी पेटलीय. कुठं ठेवू?"

डॉक्टरांना विचारून सांगतो, एवढं म्हणायला मला काय झालं होतं? पण मी कोकमाचा शोध लावणारा माणूस. मी म्हणालो, "बर्फात ठेवा की! तुमच्याकडे बर्फाला काय तोटा?"

"त्ये बरीक खरं," त्या म्हणाल्या आणि खूश होऊन गेल्या.

वैशाख लागला. एका सकाळी रेखाची नळी चिरा झाली. मी म्हटलं, आंब्याचे दिवस आहेत.

"आंबे खाल्लेस ना?"

"नाय दादा."

"एखादा?"

"वासपन नाय घेतला. आईशपथ."

मी अण्णांच्या धोतरावरचा रवा आठवून हसलो. दुसऱ्या दिवशी चिरा. तिसऱ्या दिवशी चिरा. आता ती बाकावर अण्णांशी बोलत नव्हती, भिंतीला टेकून बसली होती. मी तिला चक्क भाषण दिलं की खोटं बोललीस तर नुकसान तुझंच आहे. अण्णा मध्येच म्हणाले, "अहो शास्त्रज्ञ, ती खोटं बोलत नसेल. खोटं बोलणाऱ्याचं तोंड मी ओळखतो. आरशात रोज बघतो." मी तेही हसण्यावारी नेलं. रिपोर्टावर 'पथ्य पाळत नाही' असा शेरा मीच लिहिला. डॉक्टरांनी तो वाचला आणि तिला पथ्याबद्दलच दम दिला.

चौथ्या दिवशी ती आली नाही. दुपारी कॉलेजातून परत येताना दवाखान्यासमोर हातगाडी दिसली. तिच्यावर रेखा. श्वास धावल्यासारखा चाललेला, डोळे अर्धे मिटलेले, आणि तोंडाला आढीत उतरलेल्या आंब्याचा वास. तो वास आंब्याचा नसतो. साखर घरात पोचत नाही तेव्हा शरीर चरबी जाळू लागतं, त्याचा तो वास. हे मला पुस्तकातून माहीत होतं. नाकाला तेव्हा कळलं.

डॉक्टर तिला घेऊन तातडीने सरकारी दवाखान्यात गेले. मी मागोमाग. तिथे तिला सलाईन लावलं. भागीरथीबाईंनी पदराच्या गाठीतून इन्सुलिनची बाटली काढली. "इंजेक्शन एक दिवस चुकलेलं नाय डाक्टर. ही बगा."

डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली. ते औषध दुधासारखं एकजीव दिसायला हवं. यात पांढऱ्या गाठी तरंगत होत्या आणि काचेला आतून दहिवरासारखं काही चिकटलं होतं.

"कुठे ठेवलं होतंत?"

"पेटीत, बर्फात," त्या म्हणाल्या. आणि जरा अभिमानानेच पुढे, "उकाड्यात बर्फ टिकंना, म्हून चार-पाच दिस वर मूठभर खडं मीठ घालते. सुरमईला घालतो तसंच. बर्फ कसा दगड ऱ्हातो."

डॉक्टर हळूच म्हणाले, "मिठाने बर्फ आणखी गार होतो, बाई. औषध गोठलं. गोठलेलं इन्सुलिन म्हणजे पाणी."

चार-पाच दिवस ती पोर रोज स्वतःला टोचून पाणी घेत होती आणि मी तिला आंबे विचारत होतो. मीठ घातलं की बर्फाचं तापमान शून्याच्या खाली जातं, हा प्रयोग माझ्या जर्नलमध्ये आहे. आकृतीसह, सुवाच्य अक्षरात, सरांच्या सहीने.

भागीरथीबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "माझ्या हातानं घातलं गो मीठ! माझ्या हातानं!" वॉर्डातल्या बायका गोळा झाल्या, त्यांना धरून बसल्या. बर्फात ठेवायला मी सांगितलं होतं, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी ते बोललो नाही. कोपऱ्यात उभा राहिलो, आणि नंतर कॉलेजला उशीर होतोय असं सांगून निघालो. कॉलेज तर तेव्हा सुटलं होतं.

रेखा वाचली. तिसऱ्या दिवशी उठून बसली, आठव्या दिवशी घरी गेली. डॉक्टरांनी मायलेकींना मडक्याची युक्ती दाखवली. पाण्याने भरलेलं मातीचं मडकं, त्यात कोरडा डबा तरंगत ठेवायचा, डब्यात बाटली, वर ओलं फडकं. एवढं सोपं होतं.

डॉक्टरांना मी खरं सांगितलं, पण त्यालाही दहा दिवस गेले. मला वाटलं, ते कामावरून काढतील. ते म्हणाले, "तिच्या आईला सांगितलंस?"

"नाही."

"मग मला काय सांगतोस?"

त्याच संध्याकाळी मी मिरकरवाड्यात गेलो. घराला कुलूप. शेजारणीने सांगितलं की रेखाचे वडील बुरोंडीला मेव्हण्याच्या होडीवर गेले, बिऱ्हाड सगळं हललं. पावसाळ्यानंतर तिकडचाच हंगाम करणार. पत्ता म्हणजे मामाचं नाव आणि बुरोंडी.

मी पत्र लिहिलं. सात वेळा लिहिलं आणि आठवं टाकलं. बर्फात ठेवायला मी सांगितलं होतं, दोष तुमच्या हाताचा नाही, आणि रेखा खरं बोलत होती तेव्हा मी तिला खोटं ठरवलं, एवढंच. उत्तर आलं नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली, दुसरा पावसाळा आला. या आजारात उत्तर न येण्याचे अर्थ काय काय असू शकतात, हे आमच्या खोलीत बसणाऱ्याला चांगलं कळतं. बाकावर अण्णा अधूनमधून विचारत, "तिकडची काही खबर?" मी मान हलवत असे. मग ते त्यांची बाटली पुढे करत. एव्हाना ती धुतलेली असे, आणि नारिंगी आला तर अण्णा म्हणत, "बरोबर आहे. काल दोन खाल्ले." आमच्या खोलीत खरं बोलायला लागलेले ते पहिले आणि रोग्यावर विश्वास ठेवायला मला शिकवणारेही तेच.

मधल्या काळात काम वाढलं. मी लागलो तेव्हा एक स्टँड पुरत असे, आता तीन लागतात. इतके रोगी आले कुठून, म्हणून मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, काही पूर्वीही होते, पण कुणी तपासत नव्हतं. बाकीचे मात्र नवे. वाडीपर्यंत एसटी आली, तेव्हा डोक्यावर भारा घेऊन घाटी चढणं थांबलं. मुंबईच्या मनीऑर्डरीतून घरात साखर आणि बिस्किटं आली. चहा दिवसातून दोनदाचा सहादा झाला. नाचणीची भाकरी पाहुण्यांसमोर ठेवायची लाज वाटू लागली. मला हे पटलं, कारण आमच्याच घरी मी कॉलेजला गेल्यापासून पाहुण्यांना चहात तीन चमचे साखर पडते. आईच्या मते शिकलेल्या मुलाच्या घरचा चहा गोड हवा. गेल्या मे महिन्यात मी वडिलांची लघवी तपासली. शेवाळ. त्यांनी विचारलं, "पास की नापास?" मी म्हटलं, "पुन्हा बसावं लागेल." हल्ली ते गोदीपासून खोलीपर्यंत चालत जातात, असं त्यांच्या पत्रात असतं.

आता शेवटचं. या भाद्रपदात गौरी-गणपती विसर्जन झाल्यावर एका सकाळी एक गृहस्थ नऊ-दहा वर्षांच्या मुलाला घेऊन आले. पोरगा रोड, डोळे मोठे, इंजेक्शन आधीच चालू. त्यांच्या हातात जाळीत बांधलेलं लहानसं मडकं होतं, वर ओलं फडकं. मी सवयीने विचारलं, "इन्सुलिन कुठे ठेवता?"

"हे काय. मडक्यात, डब्यात. आमच्या वाडीत एक पोरगी हाय, तिनं शिकवलं. बर्फात ठेवू नका म्हनाली. रत्नागिरीत एक शास्त्रज्ञ हाय, तो बर्फात ठेवा सांगील, त्याचं ऐकू नका."

बाकावरून अण्णा उठून उभे राहिले.

"कुठून आलात?" मी विचारलं.

"बुरोंडीहून. तुमीच काय ते शास्त्रज्ञ?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्यांची बहुतेक निराशा झाली. "पोरीच्या आयेनं निरोप दिलाय. म्हनाली, पत्र पोचलं. पोरीनं वाचून दाखवलं. बर्फ तुमचा, मीठ माझं. अर्धं अर्धं."

मी हातातली नळी स्टँडला लावली. अण्णांनीच विचारलं, "मग उत्तर नाही का पाठवायचं? सव्वा वर्ष झालं!"

"तसं मीपन बोललो. तर पोरगी म्हनते, पत्रात उत्तर पाठवा असं लिहिलंच नव्हतं." मग त्यांनी पिशवीत हात घातला. "नि हे तिनं दिलंय. पहाटे एसटी सुटताना धावत आली होती."

कोकम सरबताची बाटली होती. घासूनपुसून लख्ख, बूच नवं, आत लघवी. वर वहीच्या कागदाची चिठ्ठी डिंकाने चिकटवलेली, 'बाटली धुतलेली आहे. आंबे खाल्लेले नाहीत.'

इतक्या तासांच्या शिळ्या नमुन्यावर पुरता भरवसा ठेवू नये, असं पुस्तक सांगतं. मी पुस्तकाचं ऐकणार होतो. पण अण्णा दारात, डॉक्टर त्यांच्या मागे, तो पोरगा माझ्या कोपराशी. मी द्रावण घेतलं, आठ थेंब मोजले आणि नळी दिव्यावर धरली. उकळी आली. नळी खिडकीच्या उजेडात नेली आणि रंग ठरेपर्यंत थांबलो.

"काय हो शास्त्रज्ञ?" अण्णा म्हणाले. "काय निकाल?"

"समुद्र," मी म्हणालो. "कडेला थोडं शेवाळ."